देवमाशांची खतावणी

खतावणीवाले

लेकीकडे बॉस्टनजवळ तीन महिन्यांसाठी आलो आहोत. बँकेत ३४ वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या, त्यामुळे कुठेही गेलो तरी नजर आधी हिशेबाकडे जाते. ही म्हणते, यांना ताजमहाल दाखवा, हे विचारतील गवंड्यांची हजेरी कोण मांडत होतं.

मागच्या रविवारी जावयांनी न्यू बेडफर्डला नेलं. एकोणिसाव्या शतकात देवमाशांच्या शिकारीची ही राजधानी. (देवमासा हा मासा नव्हे, हे शाळेत शिकलोय. शब्द सुरेख आहे म्हणून तोच वापरणार.) १८५७ साली या एका बंदराची तीनशेहून जास्त शिकारी जहाजं होती. आता तिथे त्याचं संग्रहालय आहे. आत शिरलं की डोक्यावर सांगाडे टांगलेले. त्यात ६६ फुटी ब्लू व्हेलचा एक सांगाडा आहे, तोही पूर्ण वाढ न झालेल्याचा. १९९८ मध्ये एका टँकरच्या धडकेने तो मेला. हाडं साफ करून टांगली, तरी त्यातून तेल ठिबकायचं थांबेना. शेवटी नळी लावून खाली काचेचं भांडं ठेवलंय. इतक्या वर्षांनीही थेंब पडतोय. त्या भांड्यापाशी मी बराच वेळ उभा होतो, कारण पुढे जे पाहिलं त्या सगळ्याचा उगम तिथे होता.

मग वह्या दिसल्या. प्रत्येक जहाजावर पहिला मेट (कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी) रोजची नोंद ठेवायचा: वारा कुठला, जहाज कुठे, शिडं किती. ज्या दिवशी शिकार मिळाली त्या दिवसाच्या ओळीशेजारी देवमाशाचा ठसा. ठशाच्या पोटात मोकळी जागा सोडलेली आणि तिथे शाईने आकडा, किती पिंपं तेल निघालं त्याचा. भाला लागूनही निसटला तर नुसत्या शेपटीचा ठसा. मला त्या शेपट्या पाहून बुडीत कर्जांची यादी आठवली.

पगार कुणालाच नव्हता, अगदी कप्तानालासुद्धा. प्रत्येकाचा हिस्सा ठरलेला, त्याला 'ले' म्हणत. कप्तानाला साधारण बारावा ते अठरावा, भालेवाल्याला पाऊणशेवा-नव्वदावा आणि गावाकडून आलेल्या नवख्या पोराला पावणेदोनशेवा किंवा त्याहूनही बारीक. समजा साडेतीन वर्षांच्या सफरीचं तेल ४०,००० डॉलरला गेलं आणि पोराचा हिस्सा १९० वा. हातात आले २१० डॉलर, म्हणजे महिन्याला पाच. त्यातून वजावट: निघताना दिलेली उचल आणि तिचं व्याज, शिवाय जहाजावरच्या कोठीतून घेतलेले कपडे, तंबाखू, चाकू. कोठी मालकाची, भाव मालकाचा आणि भर समुद्रात दुसरं दुकान नाही! कित्येक जण तीन-चार वर्षांनी जहाजावरून उतरले ते कर्ज घेऊनच. मग फेडायला पुन्हा पुढच्या जहाजावर.

आपल्याकडचं सावकारी पाश आणि वेठबिगारी वाचलेल्याला यात नवं काही नाही. पण मला हे माहीत नव्हतं. कुणाला आणखी माहिती असेल तर लिहा.

शेवंती

काका, मस्त लिहिलंय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. जहाजांवर बायका असायच्या का हो?

मालवणी_तारली

हिस्सा म्हटल्यावर आमची रापण आठवली, किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. रापणीत पगार नसतोच, वाटे असतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, मग ओढणाऱ्यांचे वाटे. पण रापण संध्याकाळी संपते, वाटणी किनाऱ्यावर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होते. नाय मिळाला तर सगळ्यांनाच नाय. चार वर्षं थांबून मालकाच्या कचेरीत हिशेब ऐकायचा हे काय खरं नाय. वाटा आणि ले दिसायला सारखे, पण फरक वही कोणाच्या हातात त्याचा.

खतावणीवाले

तारलीभाऊ, 'वही कोणाच्या हातात' हे मला धाग्याच्या मथळ्यात घालायला हवं होतं.

शेवंती, होत्या. कप्तानाची बायको कधीकधी बरोबर जायची, पोरं जहाजावरच जन्मायची. इथून दोन तासांवर मिस्टिकला चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन नावाचं खरं जहाज आहे, १८४१ चं. जगात उरलेलं हे शेवटचं लाकडी शिकारी जहाज. १९२१ पर्यंत ३७ सफरी केल्या त्याने. १८६४ च्या सुमारास त्याचा कप्तान होता थॉमस लँडर्स. बायको लिडियाला समुद्र लागायचा, म्हणून तिच्यासाठी डेकवर छोटी खोली केली आणि आत झुलता पलंग. जहाज कितीही कलंडलं तरी पलंग सपाट. पुढच्या भागात खलाशांच्या फळ्या पाहिल्या, कूस बदलायची तर शेजाऱ्याला सांगून बदलावी लागेल. तेच जहाज, तेच वर्ष. जहाजावर आधी पलंग पाहिला आणि मग फळ्या, तो क्रम जरा चुकला असं वाटलं.

२०१४ मध्ये डागडुजी करून या जहाजाने ३८ वी सफर केली. या वेळी देवमासे बघायला.

एक_शंका

बाळबोध प्रश्न. एवढं धूड मेल्यावर बुडत नाही? आणि तेल जहाजावर काढायचे की बंदरात आणून?

खतावणीवाले

बाळबोध नाही, सगळा इतिहास या प्रश्नात आहे. सगळे देवमासे तरंगत नाहीत. स्पर्म व्हेल आणि राइट व्हेल मेल्यावर तरंगतात, म्हणून वल्ह्यांच्या होडीतले लोक त्यांच्याच मागे. ब्लू आणि फिन व्हेल अतिवेगवान, आणि मारले तर सरळ तळाला. त्या काळात ते त्यामुळेच वाचले.

होडी असते अठ्ठावीस-तीस फुटांची, माणसं सहा. भालेवाला पुढचं वल्हं मारत जातो, जवळ गेल्यावर उठून भाला फेकतो. भाल्याने देवमासा मरत नाही, फक्त दोराला बांधला जातो. मग तो पळतो आणि होडीला ओढत नेतो. दोर मागच्या खुंटाला गुंडाळलेला, घर्षणाने धुरावतो, त्यावर पाणी ओतत राहायचं. दोराच्या वेटोळ्यात पाय अडकला की माणूस गेला. याच गडबडीत भालेवाला आणि मेट डगमगत्या होडीत जागा बदलतात, कारण लांब बरचीने जीव घेण्याचा मान मेटचा! हा प्रकार मला शेवटपर्यंत कळला नाही. दमलेला देवमासा फवाऱ्यातून रक्त सोडायला लागला की संपलं.

तेल जहाजावरच काढायचे. डेकवर विटांची भट्टी, दोन मोठ्या लोखंडी कढया. लाकडी जहाजावर! भट्टीखाली पाण्याचा हौद ठेवत, डेक पेटू नये म्हणून. चरबीची सालं सोलून, तुकडे करून, कढयांत उकळायची. जळण काय? तेल निघाल्यावर उरलेला चरबीचा चोथा. देवमासा स्वतःच्याच चोथ्यावर शिजायचा. दिवसरात्र पाळ्या, काळा धूर आणि वास असा की दिसण्याआधी जहाजाची वर्दी यायची. स्पर्म व्हेलच्या डोक्यातलं मेणासारखं द्रव्य वेगळं बादल्यांनी उपसत, त्याच्या मेणबत्त्या सगळ्यात महाग. राइट व्हेलच्या जबड्यातल्या चिवट पट्ट्यांच्या छत्रीच्या काड्या आणि बायकांच्या कंबरपट्ट्यांच्या फासळ्या.

तिरपागडा

म्हणजे थोडक्यात रॉकेलने देवमासे वाचवले. १८५९ ला पेनसिल्व्हेनियात ड्रेकने तेलविहीर खणली, व्हेलच्या तेलाला गिऱ्हाईक उरलं नाही, धंदा बसला. बाजार आपोआप प्रश्न सोडवतो. पर्यावरणवाल्यांनी धडा घ्यावा.

उत्तरध्रुव

तिरपागडा, अर्धंच सांगितलंत. मी नॉर्वेत राहते, दहा वर्षं झाली. सांडेफ्योर्डला व्हेलचं संग्रहालय आहे, तिथे ही उरलेली अर्धी गोष्ट मिळते.

अमेरिकन धंदा बसला हे खरं. रॉकेल आलं, यादवी युद्ध आलं. १८६१ मध्ये उत्तरेच्या सरकारने जुनी शिकारी जहाजं विकत घेऊन दगड भरून चार्ल्सटन बंदराच्या तोंडाशी बुडवली. १८७१ मध्ये अलास्काच्या उत्तरेला ३३ जहाजं बर्फात अडकली. बायकापोरांसह १,२१९ माणसं होड्यांतून निघाली आणि बर्फाबाहेर थांबलेल्या सात जहाजांवर पोचली. एकही दगावलं नाही! त्या सात जहाजांनी माणसांना जागा करायला आपला माल समुद्रात फेकला.

पण शिकार संपली नाही. इथल्या स्वेन फॉयनने वाफेची बोट आणि तोफेतून सुटणारा, आत शिरून फुटणारा भाला एकत्र आणला. १८७० मध्ये त्याचं पेटंट. मेलेल्या देवमाशात नळीने हवा भरून तरंगवायचं तंत्र आलं. एक_शंका यांच्या प्रश्नाचं हे उत्तर: बुडतो ना, मग फुगवा. ब्लू आणि फिन व्हेलचं संरक्षण एका पिढीत संपलं. १९०४ मध्ये कार्ल अँटन लार्सनने अंटार्क्टिकाजवळच्या साउथ जॉर्जिया बेटावर ग्रिटविकेन हा शिकारीचा तळ वसवला. १९२५ मध्ये मागच्या बाजूला घसरंड असलेलं लान्सिंग हे कारखाना-जहाज निघालं, देवमासा थेट डेकवर ओढायचा, किनारा लागतच नाही. १९३०-३१ च्या एका हंगामात अंटार्क्टिकात २९,००० च्या वर ब्लू व्हेल मारले.

आणि गिऱ्हाईक? दिव्याचं गेलं, मार्गारिनचं (लोण्याऐवजी वापरायच्या स्वस्त पदार्थाचं) आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेल घट्ट करायची रासायनिक युक्ती सापडली आणि युरोपने देवमासा पावाला लावून खाल्ला. साबण झाला, ग्लिसरीनपासून स्फोटकं झाली. विसाव्या शतकात जगभर जवळजवळ २९ लाख मोठे देवमासे मारले गेले, आणि ते मारणाऱ्या पुष्कळशा बोटी तुमच्याच खनिज तेलावर चालत होत्या.

तिरपागडा

मान्य. 'वाचवले' मागे घेतो. बाजाराबद्दलचं मात्र नाही.

उत्तरध्रुव

काकांना आवडेल असं एक हिशेबाचं राहिलं. आंतरराष्ट्रीय करार झाले तेव्हा मर्यादा देवमाशांच्या संख्येत नव्हती. 'ब्लू व्हेल एकक' नावाचं चलन होतं: १ ब्लू = २ फिन = अडीच हंपबॅक = ६ सेई. दुसऱ्या महायुद्धानंतर हंगामाला १६,००० एककं ठरली. कुठला मारायचा ते तुमच्यावर. सगळ्यांची मिळून एकच मर्यादा, संपली की हंगाम बंद. मग काय, शर्यत. ज्याची बोट वेगवान त्याला जास्त. साहजिकच ज्याला एक भाला लागतो आणि पूर्ण एकक मिळतं तो ब्लू आधी. हे एकक १९७२ पर्यंत चाललं.

खतावणीवाले

अडीच हंपबॅक! अर्धा हंपबॅक कोणत्या खात्यात टाकायचे? हे ज्या कुणी मंजूर केलं त्याने आयुष्यात एकदाही देवमासा पाहिला नसणार. एखाद्या मुख्य शाखेतूनच सूत्र आलेलं दिसतंय.

बोरुबहाद्दर

नॅनटकेटच्या एसेक्सबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? स्पर्म व्हेलने धडक देऊन जहाज बुडवलं, माणसांनी माणसं खाल्ली...

खतावणीवाले

मुद्दाम टाळलं, सगळीकडे तेच असतं. पण एक गोष्ट सांगतो. नोव्हेंबर १८२० मध्ये जहाज बुडालं, २० जण तीन होड्यांत. पश्चिमेला मार्केसास बेटं तुलनेने जवळ, वाराही तिकडचा. पण तिथे नरभक्षक राहतात अशी भीती, म्हणून ते हजारो मैल उलट दिशेने दक्षिण अमेरिकेकडे निघाले. शेवटी एकमेकांना खायची वेळ आली. वाचले आठ. कप्तान पोलार्डच्या होडीत चिठ्ठी निघाली ती त्याच्याच मावसभावाच्या नावाची, ओवेन कॉफिन, वय अठराच्या आसपास. पोलार्डचं पुढचं जहाजही १८२३ मध्ये हवाईपलीकडच्या खडकांवर फुटलं. मग त्याला कुणी जहाज दिलं नाही. म्हातारपणी नॅनटकेटमध्ये रात्रीचा पहारेकरी होता.

शेवंती

😔

सुंभ_जळाला

अवांतर: ऑस्ट्रेलियात ईडन गावाला भागीदारीची वेगळीच पद्धत होती. तिथले किलर व्हेल मोठ्या देवमाशांना खाडीत कोंडायचे आणि एक जण डेव्हिडसन कुटुंबाच्या तळापाशी येऊन शेपटी आपटून माणसांना बोलवायचा. शिकार झाली की धूड नांगराला बांधून एक-दोन दिवस पाण्यात ठेवायचे. किलर व्हेल जीभ आणि ओठ खाऊन जायचे, उरलेलं माणसांचं. त्यांच्यातला प्रसिद्ध ओल्ड टॉम १९३० मध्ये मेला, सांगाडा तिथल्या संग्रहालयात आहे.

मालवणी_तारली

ह्यांचो वाटो पयलो, आणि उचल नाय, व्याज नाय. ह्या भारी.

सागरगोटा

वाचनमात्र होतो, पण 'वही कोणाच्या हातात' वाचून राहवलं नाही. मी रत्नागिरीचा. आपल्याकडे देवमासा म्हटलं की दोनच बातम्या: किनाऱ्याला लागला, नाहीतर 'व्हेलची उलटी' पकडली. (उलटी नाही हो ती. स्पर्म व्हेलच्या आतड्यात माकूळच्या न पचलेल्या चोचींभोवती जमतं. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली विकणं-बाळगणं गुन्हा आहे, तेव्हा किनाऱ्यावर काही सापडलं तर कोटींची स्वप्नं बघू नका.)

पण आपल्या समुद्रात कारखाना-जहाजं आली होती हे फार जणांना ठाऊक नसतं. स्लावा आणि सोवेत्स्काया उक्रायना हे सोव्हिएत ताफे अंटार्क्टिकाला जाता-येता अरबी समुद्रातून जात. नोव्हेंबर १९६६ मध्ये त्यांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांजवळ २३८ हंपबॅक मारले. आदल्या वर्षी ४. हंपबॅकच्या शिकारीवर तेव्हा बंदी होती. देवमाशांच्या शिकारीवर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाला कळवलेल्या वहीत यातलं काही नाही.

दोन वह्या होत्या, काका. एक आयोगाची, एक मंत्रालयाची. दक्षिण गोलार्धात सोव्हिएत ताफ्यांनी ४८,००० हून जास्त हंपबॅक मारले, कळवले २,७१०. एकूण जगभरात सुमारे १,८०,००० देवमासे वहीबाहेर. का? टनांत मोजलेली योजना. गेल्या वर्षीपेक्षा जास्त केलं तर बक्षीस, आणि मग तोच पुढच्या वर्षीचा किमान आकडा. तेलाची गरज किती हा प्रश्नच नव्हता, पुष्कळसा माल वायाच जायचा.

हे बाहेर आलं १९९३ मध्ये, रशियन शास्त्रज्ञ अलेक्सी याब्लोकोव्ह यांनी सांगितलं तेव्हा. खऱ्या नोंदी जपल्या त्या जहाजांवरच्याच शास्त्रज्ञांनी. दिमित्री तोर्मोसोव्ह यांनी तर बटाटे ठेवायच्या तळघरात दडवल्या होत्या.

खतावणीवाले

सागरगोटा, हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. हिशेबनिसाच्या जातीतला शूर माणूस कोण असं कुणी विचारलं तर आता मला नाव माहीत आहे.

एक विचारतो. २३८ आणि ४ मिळून २४२, ही संख्या बाकीच्या आकड्यांपुढे किरकोळ वाटते. तसं आहे का?

सागरगोटा

नाही ना. जगातले बाकीचे हंपबॅक उन्हाळ्यात ध्रुवाकडे खायला जातात, थंडीत उष्ण समुद्रात विणीला येतात. अरबी समुद्रातले कुठे जातच नाहीत. इथेच खातात, इथेच वितात. हे कळलं कशावरून? त्याच १९६६ च्या शिकारीच्या खऱ्या नोंदींवरून. मारलेल्या माद्यांच्या पोटातल्या गर्भांची लांबी त्यांनी मोजून लिहून ठेवली होती. ती दक्षिण गोलार्धाच्या वेळापत्रकाशी जुळेना, उत्तरेच्या जुळली. म्हणजे हे दक्षिणेहून आलेले पाहुणे नव्हेत. जनुकीय अभ्यासाने नंतर सांगितलं की हा कळप सुमारे ७०,००० वर्षं वेगळा पडलेला आहे. ओमानच्या किनाऱ्याला त्यांची संख्या मोजली ती अंदाजे ८२.

८२ मधून २४२ वजा करून बघा, मग 'किरकोळ' कळेल.

एक_शंका

म्हणजे ज्या वहीने मारले तीच वही त्यांचा एकमेव जन्मदाखला?

उत्तरध्रुव

जुन्या ठशांचंही तसंच आहे. टाउनसेंड नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये अमेरिकन जहाजांच्या वह्यांतून ५३,८७७ शिकारींच्या जागा नकाशावर मांडल्या. आजही संशोधक तो नकाशा काढतात. बर्फ कुठपर्यंत होतं, वारे कसे होते, तेही आता त्याच वह्यांतून शोधतात.

तिरपागडा

अंटार्क्टिकात फटका दिला, मग जाता-जाता रत्नागिरीच्या दिशेने का आले? परतीच्या वाटेवर नियोजनात कमी पडले होते?

सागरगोटा

रत्नागिरीपर्यंत नाही, त्याच्या बरेच वर. आणि परतीच्या नव्हे, जातानाच्या. नोव्हेंबर म्हणजे अंटार्क्टिकाचा हंगाम सुरू व्हायचा होता. वाटेत दिसले, मारले, योजनेत धरले.

१९७९ मध्ये सेशल्सच्या प्रस्तावावरून अख्खा हिंदी महासागर अभयारण्य झाला, १९८६ पासून व्यापारी शिकारच बंद. (जपान २०१९ ला आयोगातून बाहेर पडलं, नॉर्वेने तर बंदी मानलीच नाही.) २०२३ च्या दिवाळीत गणपतीपुळ्याला एक पिल्लू लागलं होतं. वाळूत रुतलेलं. लोकांनी ओल्या कापडांनी झाकलं, दिवसरात्र पाणी मारलं, बोटीने ओढून आत सोडलं. जगलं नाही. पण भाऊबिजेच्या फराळाची ताटं सोडून पोरं बादल्या घेऊन धावत होती.

मालवणी_तारली

व्हय. आमच्याकडून पण गेलेले लोक.

शेवंती

काका, ते भांडं. ठिबकणारं तेल किती जमलंय आतापर्यंत? आकडा लिहिलाय का कुठे?

खतावणीवाले

भांड्यावर खुणा होत्या, पण मी पाहिल्या नाहीत. ३४ वर्षं बँकेत काढलेल्या माणसाने शिल्लक न बघता खातं सोडलं! पुढच्या रविवारी जावयांना पुन्हा गाडी काढायला लावतो. ही म्हणते, या वेळी मी फराळाचे घेऊन गाडीतच बसणार.